पोट साफ झालं ना जी?

आमचे जवाईबापू माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याचं पोट साफ झालं की नाही ते विचारत. दारात पाऊल पडलं आहे, चपला अजून पायातच आहेत, काखेतली पिशवी काखेतच आहे, आणि यांचा प्रश्न सुटलेला असे, "काय मामाजी, पोट साफ झालं ना जी?" मामाजी म्हणजे माझे वडील, आबा. जवाईबापू त्यांचे एकुलते एक जावई, माझ्या ताईचे यजमान. आबांनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. नद्यांची उगमस्थानं त्यांनी झोपेतही सांगितली असती, पण स्वतःच्या पोटाविषयी चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. तरी जावयानं विचारलं आणि सासऱ्यानं उत्तर दिलं नाही, असं आमच्या घरात होणं शक्य नव्हतं. ते खाली बघत "हो, झालं" म्हणायचे. तेवढ्यावर सुटका नसे. "एका खेपेत झालं का घडीघडी जा लागलं?" समोर माझे साहेब चहा पीत बसलेले असोत की शेजारच्या बायका आईकडे हळदीकुंकवाला आलेल्या असोत, यांना काही फरक पडत नसे. त्या क्षणी मी मनातल्या मनात या माणसाला पुढच्या आर्वी गाडीत बसवून देत असे.

आर्वीला त्यांचं ढेपेचं दुकान होतं. सरकीचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो तो बैलांना, म्हशींना घालतात, त्याचा धंदा. शेतकरी ढेप न्यायला येत आणि जाताजाता जनावराचं दुखणंही सांगत. अमक्याची म्हैस रवंथ करत नाही, तमक्याच्या गोऱ्ह्याचं पोट फुगलं आहे. हे गादीवर बसल्याबसल्या इलाज सांगत. जनावरं बरी व्हायची, असं त्यांचं म्हणणं. जनावरांचं म्हणणं काय होतं ते कोणी विचारलं नाही. एवढ्या भांडवलावर या गृहस्थानं माणसांचीही चिकित्सा सुरू केली होती. "माणूस का अन् गोऱ्हा का, अंदर त एकच नळी हाय," हे त्यांचं सगळं वैद्यकशास्त्र. यापलीकडे त्यांनी काही शिकल्याचं माझ्या ऐकिवात नाही आणि शिकायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

त्यांचं एक चूर्ण होतं. पिवळट रंगाचं, सोनामुखीच्या वासाचं, त्यात आणखी एक जिन्नस असे जो ते कोणाला सांगत नसत. कागदाच्या पुड्या बांधून ते खिशात बाळगत आणि गोळ्या-बिस्किटं वाटावीत तशा वाटत. माझ्या लग्नात, सेलूला, आदल्या संध्याकाळी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी सहज म्हणून सांगितलं, की धावपळीनं पोट जड झालंय. झालं. यांनी पुडी काढली, स्वतःच्या हातानं कोमट पाण्यात ढवळून पाजली. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं संपली तरी मुलीचे वडील मांडवात नव्हते. कन्यादानासाठी भटजी थांबले, वाजंत्रीवाले थांबले, मी गळ्यात हार घालून थांबलो. शेवटी सासरे आले ते भिंतीच्या आधारानं आले. जवाईबापूंनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, "पाह्यलं? चेहरा कसा खुलला!" प्रत्येक अनर्थानंतर हा माणूस "पाह्यलं?" म्हणत असे आणि तेही अशा तोऱ्यात, की जणू आपण सगळे आंधळे आणि यांनी आत्ताच आपले डोळे उघडले.

पण हे सगळं एक वेळ मी सोसलं असतं. मला खरा राग होता तो त्यांच्या जेवणाचा. "मामाजी सोबतीले बसल्याबिगर मी घास मोडत नाई," हा त्यांचा बाणा होता. आमच्याकडे जावयानं एकट्यानं जेवायचं नसतं, सासऱ्यानं किंवा घरातल्या कर्त्या माणसानं सोबतीला बसायचं असतं, हे मलाही माहीत आहे. पण लोक वेळप्रसंग बघतात. हे बघत नसत. आर्वीची गाडी कधी दुपारी तीनला येई, कधी चारला. आबांचं जेवण अकराला झालेलं असे. तरी ते निमूट उठत, हातपाय धूत आणि पाटावर बसत. हे सावकाश जेवत, मधेच म्हशींच्या गोष्टी सांगत, आणि आबांचं ताट रिकामं दिसलं की आईला म्हणत, "मामीजी, मामाजीले वाढा ना जी, लाजून राह्यले ते." आबा पुन्हा खात. मग रात्रभर येरझारा घालत. सकाळी हे विचारत, पोट साफ झालं ना जी? मी एकदा आबांना म्हटलं, की सरळ सांगा ना जेवण झालंय म्हणून. ते म्हणाले, "अरे, तो माणूस इतक्या लांबून येतो अन् माझ्यासाठी भुका बसते. मले नाही म्हणवत नाई." भुका बसते म्हणे! तासाभराच्या वाटेत दोन ठिकाणी भजी खाऊन येणारा माणूस.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला आबांचं रक्त जाऊ लागलं. त्यांनी ते लाजेनं बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. सांगितलं ते नेमकं जवाईबापूंना, कारण जगात हा एकच माणूस त्यांना हे रोज विचारत होता. जवाईबापूंनी निदान केलं, मूळव्याध. उष्णता वाढली. चूर्ण चालू झालं. आबा वाळत गेले, पांढरे पडत गेले, जिना चढताना मधल्या पायरीवर बसू लागले, आणि चूर्ण चालूच. आईनं एके दिवशी मोरीत रक्त बघितलं तेव्हा कुठे मला कळलं. मी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. दुर्बीण घालून बघितलं तर मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. चांगली नव्हती. मी आर्वीला फोन केला तेव्हा जवाईबापू म्हणाले, "गाठ त असनच. चूर्णानं सैल करत आणली होती मी." फोनवरून माणसाला मारता येत नाही हे त्यांचं नशीब.

सर्जन म्हणजे एक चाळिशीच्या बाई होत्या. बोलायला थोड्या, हसायला त्याहून थोड्या. त्यांनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. आतड्याचा तेवढा तुकडा कापायचा आणि दोन टोकं एकमेकांना जोडायची. "तो जोड भरून येणं महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. "जोड सुटला तर घाण पोटात पसरते आणि मग ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी आतडं पूर्ण रिकामं करून घेतो. दोन दिवस चोथ्याचं काही नाही, बी असलेलं काही नाही. आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखं, साखरपाणी, नारळाचं पाणी, बिनदुधाचा चहा. आणि हे औषध पाण्यात कालवून प्यायचं. जसं पाणी प्यायलात तसंच बाहेर आलं पाहिजे." जवाईबापू माझ्या शेजारीच बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हंजे पोट साफ कराचं हाय. मंग आपून इतके दिवस का करून राह्यलो होतो? या बाईनं माझं चूर्ण पाह्यलं नाई." त्यांच्या चेहऱ्यावर अपमान झाल्यासारखं होतं. आबांच्या गाठीपेक्षा त्यांना त्या परक्या पुडीचं दुःख जास्त झालं होतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आबा दवाखान्यातल्या खोलीत ते औषध पीत बसले होते. भला मोठा जग भरून पाणी, आणि दर थोड्या वेळानं एक पेला. चव खारट आणि तेलकट, असं ते म्हणाले. पेला संपवायचा, संडासात जायचं, येऊन बसायचं, पुन्हा पेला. दुपारपर्यंत त्यांचे गाल बसले, ओठ सुकले, पण पाणी स्वच्छ येऊ लागलं. परिचारिकेनं येऊन पाहिलं आणि मान डोलावली. आबांना इतका आनंद झालेला मी एखादा विद्यार्थी पहिला आल्यावरच बघितला होता. आईला त्यांच्यापाशी बसवून मी रक्ताची सोय करायला बाहेर पडलो.

परत आलो तर खोलीत वांग्याच्या भाजीचा घमघमाट सुटला होता. पलंगाला लागून स्टुलावर जवाईबापूंचा चार खणांचा डबा उघडा होता. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, तुपात चुरलेले. वांग्याची रस्साभाजी, तिखट, दाटसर, बियाळ. जवाईबापूंच्या हातात घास होता, आणि पलंगावर मांडी घालून, हातात वाटी धरून, माझे वडील बोटं चाटत होते.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. आई भिंतीला टेकून रडत होती. "मी नाई म्हणत होते रे," ती म्हणाली, "पण जवाई समोर बसले अन् घासच मोडेनात. म्हणे मामाजी उद्या टेबलावर जातीन, आज मी एकटा कसा जेवू." जवाईबापू मात्र शांत होते. "ओरडून काऊन राह्यला, बाळू? दोन घास त खाल्ले. उद्या पोट फाडून राह्यले त्याइचं, अंगात काई ताकद पायजे का नाई? खाली पोटी बैलालेही औताले जुंपत नाई आपून." मी आबांकडे बघितलं. ते खाली बघत म्हणाले, "जाऊ दे ना. तो आर्वीहून डबा घेऊन आला."

मी तडक जाऊन सर्जनबाईंना सांगितलं. त्या आल्या, डबा बघितला, जवाईबापूंकडे बघितलं. "तुम्ही यांचे कोण?" "जवाई हावो जी." "मग जावयासारखं बाहेर बसा," त्या म्हणाल्या. सगळ्या घराण्यात कोणी या माणसाला असं बोललं नव्हतं. मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. आबांना पुन्हा औषध, पुन्हा पेले, वर एनिमा. ते इतके थकले, की शेवटी आईनं पेला तोंडाला लावायचा आणि त्यांनी नुसतं गिळायचं. गाठ आतडं अडवत चालली होती, त्यामुळे बाईंनी ऑपरेशन पुढे ढकललं नाही. दुसऱ्या दिवशी ते झालं. गाठ निघाली, जोड झाला. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, ठीक झालंय. जाताजाता एवढंच म्हणाल्या, "आत वांग्याच्या बिया होत्या." मी वळून जवाईबापूंकडे बघितलं. ते बाकावर बसून पंचानं मान पुसत होते.

पुढचे काही दिवस सगळं घर एकाच गोष्टीची वाट बघत होतं, की आबांचा वारा कधी सरतो. वारा सरला म्हणजे आतडं चालू झालं. सर्जनबाई सकाळ-संध्याकाळ येऊन पहिला प्रश्न तोच विचारत. जवाईबापूंना आयुष्यात प्रथमच स्वतःच्या जातकुळीचा डॉक्टर भेटला होता. ते दारातून वाकून विचारत, "सरला का जी?" आणि सरला तेव्हा त्यांनी साऱ्या मजल्यावर सांगितलं. समोरच्या खोलीतल्या पेशंटच्या नातेवाइकांना पेढे दिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर ताप आला. पोट फुगलं, नाडी धावू लागली, आणि पोटात बसवलेल्या नळीतून जे पाणी येत होतं ते घाणेरडं झालं. सर्जनबाईंनी नळीकडे एकदाच बघितलं. जोड सुटला होता. तातडीनं पुन्हा पोट उघडावं लागलं. सगळं धुतलं, आणि आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून ठेवलं, म्हणजे शौच तिथून पिशवीत यायची. आबांना श्वासाच्या मशीनवर ठेवलं. बाईंनी सांगितलं, की आता काही सांगता येत नाही, थांबायचं.

अतिदक्षता विभागाबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर जवाईबापू बसले होते, आणि मी उभा होतो. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या वांग्यानं माझ्या बापाचा जीव चालला आहे. तुम्हाला सोबतीशिवाय घास उतरत नव्हता ना? आता बसा सोबतीला." ताई शेजारी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी वाट बघत होतो, की आता बैलाचं काहीतरी येईल, नळीचं येईल, "पाह्यलं?" येईल. काहीच आलं नाही. त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. आबा मशीनवरून निघेपर्यंत ते त्या बाकावरून हलले नाहीत. त्या दिवसांत त्यांनी काय खाल्लं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आबा वाचले. पिशवी लावून घरी आले, आमच्या सिंदी मेघेच्या घरात. ती पिशवी म्हणजे त्या स्वच्छ माणसाची जन्मठेप होती. कधी कडेनं सुटायची, कधी कपडे भरायचे, कधी वास यायचा. भेटायला येणारे लोक खिडकीपाशी खुर्ची ओढून बसत आणि लवकर उठत. मीसुद्धा पिशवी बदलताना श्वास रोखून धरायचो. आणि जवाईबापू? ते दर रविवारी आर्वीहून यायचे, सरळ पलंगापाशी जायचे, आबांचा सदरा वर करायचे आणि पिशवीत डोकावायचे. पारखीनं कापूस बघावा तसं बघायचे. "वा मामाजी! आजचं लय सुरेख हाय. रंग पाहा ना जी, कसा बांधीव." माझे वडील, ज्यांना आरशातसुद्धा ती पिशवी बघवत नव्हती, ते हसायचे. ऑपरेशननंतर ते प्रथम हसले ते यालाच. माझ्या अंगाची लाही व्हायची. इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा बघितला नाही.

पण एक गोष्ट बदलली. जवाईबापू आमच्याकडे जेवेनासे झाले. आई ताट करायची आणि हे म्हणायचे, आज पोट जड हाय. पुढच्या वेळी, एकादशी हाय. मग, आत्ताच खाऊन आलो. मग, डॉक्टरनं मना केलं, कोणत्या डॉक्टरनं ते विचारायचं नाही. चहा घेत, पाणी घेत, घास मात्र नाही. काही महिन्यांनी बाईंनी आबांचं आतडं पुन्हा आत जोडलं, पिशवी गेली, आबा भाजीबाजारात जाऊ लागले, तरी हे जेवेनात. आणि त्याचा उलटाच त्रास. जावई उपाशी बसलेला असताना आपण कसं जेवायचं, म्हणून आबाही जेवत नसत. दोघं समोरासमोर बसून पाऊसपाण्याच्या गप्पा मारत, स्वयंपाकघरात आमटी थंड होई, आणि संध्याकाळची गाडी निघाली की आबा पाटावर बसत. आधी हा माणूस माझ्या वडिलांना दोनदा जेवायला लावायचा, आता एकदाही जेवू देत नव्हता. आई म्हणायची, "जवाई रुसले. ज्या घरात जवाई जेवत नाई त्या घराले का अर्थ हाय?" ताई माहेरी यायची ती मान खाली घालून यायची. आबांनी मला एकदाच विचारलं, "तू त्याले काई बोलला होता का रे?" मी म्हटलं, जे खरं होतं ते बोललो. अशी वर्षं गेली. मी म्हणत असे, बरं झालं, तेवढंच रोडग्यांचं पीठ वाचलं.

मग दोन हजार सात-आठच्या सुमाराला माझ्या बायकोच्या मामांना तेच दुखणं झालं. सेलूचे मामा, तसंच आतडं, त्याच सर्जनबाई. आता या विषयात घरात मी तज्ज्ञ. मी मामांना दोन दिवस आधीपासून बजावलं, बी खायचं नाही, चोथा खायचा नाही, मी सांगेन तेच खायचं. त्यांच्या उशाशी पहारा दिला. पण आदला दिवस उजाडला तरी औषधाचा जग काही येईना. मी तरातरा बाईंच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, "मॅडम, पेशंटचं पोट साफ करायचं राहिलंय!" बाईंचे केस पांढरे झाले होते, पण हसणं वाढलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आता सरसकट देत नाही आम्ही. काही ऑपरेशनांना देतो, यांना गरज नाही. पोट धुतल्यानं जोड सुटत नाही असं आम्ही मानत होतो, पण धुतलेल्यांचेही सुटतात आणि न धुतलेल्यांचेही टिकतात. जगभर आता हेच म्हणतात. उद्या पुन्हा वेगळं म्हणतील."

मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, "मग आमच्या आबांचं? त्या वांग्याच्या बिया?" त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. "बिया होत्या, खरं आहे. मी चिडले होते, तेही खरं. पण त्या बियांमुळे जोड सुटला असं मी कधी म्हटलं होतं का? ते फार अशक्त होते, रक्त कितीतरी दिवस जात होतं. जोड का सुटला ते दर वेळी सांगता येत नाही." अशक्त हा शब्द मी धरून ठेवला. म्हणजे चूर्ण! वांगं सुटलं तरी चूर्ण आहेच. पण वाटेत माझ्या लक्षात आलं, की चूर्णासाठी त्या माणसाला कोणी काही बोललंच नव्हतं. मी बोललो होतो ते वांग्यासाठी. आणि इतकी वर्षं तो उपाशी उठत होता तोही वांग्यासाठीच. एवढं सगळं करून हा माणूस नेमका ज्याच्यासाठी मी त्याला धरला त्यातूनच सुटला होता. याचा मला जो संताप आला तो शब्दांत सांगण्यासारखा नाही.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "येत्या रविवारी तूच सांगजो त्याइले. मी नाई सांगणार." रविवारी ते आले. वय झालं होतं, दुकान मुलाकडे गेलं होतं, चालताना एक खांदा वर उचलायचे. पिशवी काखेत. "मामाजी, पोट साफ झालं ना जी?" आबा म्हणाले, झालं. मी समोर बसलो आणि बाई जे बोलल्या ते एका दमात सांगून टाकलं. वांग्यानं काही झालं नव्हतं, भाऊजी. तुमच्यामुळे झालं नाही.

जवाईबापूंनी पिशवी खाली ठेवली. मग वाकून तिचे बंद सोडत-बांधत बसले. खालचा ओठ हलत होता. मला वाटलं, आता हा माणूस रडणार, आणि मी काय करायचं ते मला सुचेना. मग त्यांनी मान वर केली.

"मी त तवाच म्हनलं होतं!" ते म्हणाले. "म्हनलं होतं ना जी, मामाजी? खाली पोटी बैल औताले जुंपत नाई! तुमच्या त्या बाईले बारा वर्सं लागले समजाले!"

असा हा माणूस. मी तिथून उठून आत निघालो होतो, तेवढ्यात ते स्वयंपाकघराच्या दिशेनं बघत म्हणाले, "मामीजी, वांगे हायेत का घरात?"

आई त्या वेळी पंचाहत्तरीची. गुडघे गेलेले. ती अंगणात गोवऱ्या पेटवायला जशी धावली तशी मी तिला त्याआधी आणि त्यानंतर कधी धावताना बघितलं नाही. ताईला आर्वीला फोन लावून सांगितलं, तर पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. रोडगे होईपर्यंत दुपार कलली. दोन पाट मांडले. जवाईबापू बसले, आबा त्यांच्यासमोर बसले. मी तूप वाढलं. वाढलं म्हणजे वाढावं लागलं, हे थांब म्हणेनात.

जवाईबापूंनी घास केला, पण तोंडात घातला नाही. तो हातात तसाच धरून ते आबांकडे बघत राहिले. आबांनी वांग्याची फोड रोडग्याबरोबर घेतली, सावकाश चावली, गिळली. जवाईबापूंची नजर आबांच्या गळ्यावरून खाली उतरत पोटापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. आबांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. पाणी प्यायले आणि एक ढेकर दिला.

आज आबाही नाहीत आणि जवाईबापूही नाहीत. त्या माणसाविषयी माझं मत बदललेलं नाही, चूर्णाबद्दल तर मुळीच नाही. पण तो ढेकर ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून जो शब्द उच्चारला तो त्यांच्या तोंडून मी बारा वर्षांनी ऐकत होतो, आणि नेहमीचा तोरा त्यात नव्हता.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "काई झालं का त्याइले?"

"नाही, भाऊजी," मी म्हटलं. "काही झालं नाही. जेवा आता."